मुळीनं बीपी उतरला, पण बाबा गप्प झाले

भंडारा जिल्ह्यातल्या एका गावाहून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. नाव-गाव वगळून त्यातला मजकूर थोडक्यात असा:

वडील ६३ वर्षांचे, घरी धानाची शेती. दीड वर्षापूर्वी आई गेली. गेल्या उन्हाळ्यात गावातल्या तपासणीत वडिलांचा बीपी १७२/१०४ निघाला. उपकेंद्रातून अॅमलोडिपिनची गोळी सुरू झाली आणि बीपी उतरला, पण काही आठवड्यांत पायांवर सूज आली. काका म्हणाले, 'या गोळ्या किडनी खातात.' गोळी बंद झाली. दसऱ्याच्या सुमारास आठवडी बाजारातल्या जडीबुटीवाल्याकडून सर्पगंधाच्या मुळीचं चूर्ण आणलं. लहान चमचा सकाळी, लहान चमचा संध्याकाळी. दिवाळीनंतर आशाताईंनी बीपी मोजला तर १३४/८२. घरात सगळे खूश. पण तेव्हापासून वडिलांचं नाक सतत चोंदलेलं असतं, छातीत जळजळ होते, दिवसा डुलक्या येतात. पारावर जाणं सुटलं, भजनाला जाणं सुटलं, मळणीच्या दिवसांतही ते खळ्यावर फिरकले नाहीत. नागपूरला असलेला भाऊ म्हणतो, चूर्ण फेका आणि गोळी सुरू करा. काका म्हणतात, गुण आलेलं औषध कोणी फेकतं का, तो वहिनीच्या दुःखानं असा झाला आहे. वडील म्हणतात, 'मले काई झालं नाई, तुमी काहून मांगं लागता?' लेकीचा प्रश्न: 'चूर्ण आयुर्वेदिक आहे, म्हणजे निदान अपाय तरी नाही ना? आणि ऐकायचं कोणाचं, भावाचं की काकांचं?'

ताई,

तुमचा प्रश्न भाऊ की काका असा आहे. मी मात्र थांबले ते तुम्ही कंसात लिहिलेल्या एका वाक्यापाशी: 'बाबा आता स्वतःहून बोलतच नाहीत.' बीपीच्या आकड्यांपेक्षा हे वाक्य मला जास्त काळजीचं वाटतं, म्हणून आधी तेच पाहू.

आई गेल्याचं दुःख आहेच, ते कोणी नाकारत नाही. पण पत्रातला क्रम बघा. आई गेल्यानंतरही बाबा पारावर बसत होते, भजनाला जात होते, रोवणीच्या वेळी मजुरांशी हुज्जत घालत होते. हे सगळं तुम्हीच लिहिलंय. दसऱ्याला चूर्ण सुरू झालं आणि दिवाळीनंतर ते मिटून गेले. दुःख कधीकधी उशिरानं बाहेर येतं हे खरं, पण उशिरानं आलेल्या दुःखानं नाक चोंदत नाही. चोंदलेलं नाक, दिवसा गुंगी, छातीत जळजळ आणि मन खचणं ही चारही लक्षणं एकाच वेळी, एकाच माणसात आणि नेमकी सर्पगंधा सुरू झाल्यावर दिसली, तर आधी सर्पगंधाकडेच बोट दाखवावं लागतं.

आता काकांचं बरोबर कुठे आहे ते सांगते. ही मुळी खरोखर बीपी उतरवते, त्यात अंधश्रद्धा काहीही नाही. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधावर लेख लिहिला, वेड आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवरचं औषध म्हणून. त्याच सुमारास सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी मुळीतून काही अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतली औषधी रसायनं, वेगळी काढली. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचे अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले आणि जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष या झुडपाकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बासेलच्या सीबा कंपनीतल्या संशोधकांनी मुळीतला मुख्य गुणकारी घटक शुद्ध रूपात मिळवला. तोच रेसर्पिन. पुढची बरीच वर्षं बीपीच्या मोठमोठ्या अभ्यासांत हे औषध होतं. आपल्याकडेही अॅडेल्फेनसारख्या रेसर्पिन असलेल्या मिश्र गोळ्या सर्रास लिहून दिल्या जात. तुमच्या आजोबांच्या पिढीतल्या कोणाला बीपी असेल, तर त्यांच्या डब्यात ती गोळी असण्याची बरीच शक्यता आहे.

म्हणजे तुमच्या घरात भांडण चाललंय 'जडीबुटी विरुद्ध गोळी' असं, आणि ते भांडणच मला पटत नाही. चूर्ण हे एक औषध, अॅमलोडिपिन हे दुसरं औषध. फरक इतकाच की एकाची मात्रा पाकिटावर छापलेली आहे, तर दुसऱ्याची मात्रा बाजारातल्या चमच्यावर सोडून दिली आहे. जे औषध बीपी ३८ अंकांनी खाली आणू शकतं, ते अपाय करूच शकणार नाही, असं कसं होईल? गुण आणि अपाय एकाच घटकातून येतात. 'आयुर्वेदिक आहे म्हणजे अपाय नाही' असं स्वतः आयुर्वेदही म्हणत नाही. तिथेही मात्रा, रुग्णाची प्रकृती आणि अनुपान, म्हणजे औषध कशासोबत घ्यायचं ते, पाहूनच औषध देतात.

हे घडतं कसं, तेही समजून घ्या, कारण बाबांना समजावताना उपयोगी पडेल. आपल्या नसांच्या टोकांशी नॉरअॅड्रेनलिन नावाच्या रसायनाचा साठा असतो. त्याच्या जोरावर रक्तवाहिन्या आवळलेल्या राहतात आणि हृदय जोरानं चालतं. घरात धान भरायची कोठी असावी तसा हा साठा समजा. रेसर्पिन कोठीत नवा माल भरूच देत नाही, आणि बाहेर पडून राहिलेला माल शरीर मोडून टाकतं. काही दिवसांत कोठी रिकामी होते, रक्तवाहिन्या सैल पडतात, नाडी मंदावते आणि बीपी उतरतो. म्हणूनच गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात आणि औषध सोडल्यावरही असर बरेच दिवस रेंगाळतो. नाकातल्या रक्तवाहिन्याही अशाच सैल पडून फुगतात, म्हणून नाक चोंदतं. पोटात आम्ल वाढतं, म्हणून जळजळ होते. आणि हे औषध मेंदूतही पोचतं. तिथे सेरोटोनिन आणि डोपामिन या रसायनांचे साठेही ते रिकामे करतं. मन उभारी धरतं, अंगात हुरूप येतो, हालचालींना चपळता येते, यात त्या रसायनांचा मोठा वाटा असतो.

रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना गाढ उदासी येते, हे १९५० च्या दशकातच डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. नैराश्याचा मेंदूतल्या रसायनांशी संबंध असावा, या विचाराला त्या निरीक्षणांनीच बळ मिळालं. रेसर्पिन आणि उदासीचा हा संबंध पूर्वी वाटला तितका पक्का आहे का, यावर पुढे अभ्यासकांत वादही झाले, आणि कमी मात्रेत हा त्रास कमी दिसतो हेही खरं. पण ज्याला नैराश्य आहे किंवा पूर्वी होऊन गेलंय त्याला हे औषध देऊ नये, आणि उदासीची पहिली चिन्हं दिसताच थांबवावं, हा नियम आजही कायम आहे. पोटात व्रण असणाऱ्यालाही ते चालत नाही.

बाबांची मात्रा बघू. रेसर्पिनची नेहमीची गोळी ०.१ किंवा ०.२५ मिलिग्रॅमची असायची. ०.२५ मिलिग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा चार हजारावा भाग. मुळीचं अख्खं चूर्णही पूर्वी गोळ्यांच्या रूपात मिळायचं, आणि बीपीसाठी त्याची दिवसाची मात्रा साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असायची. लहान चमचाभर चूर्ण दीड-दोन ग्रॅम सहज भरतं, आणि बाबा ते दोनदा घेतात. सेन आणि बोस यांनी १९३१ मध्ये दिवसातून दोनदा २० ते ३० ग्रेन, म्हणजे साधारण १.३ ते २ ग्रॅम, चूर्णाची मात्रा लिहिली होती. ती होती अनावर झालेल्या मनोरुग्णांना शांत करून झोपवण्यासाठी! एवढी मात्रा रोज घेऊन घरातला कर्ता माणूस गप्प झाला, तर नवल काय?

हा झाला खऱ्या मुळीचा हिशोब. बाजारातल्या पुडीत नेमकं काय आहे हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मुळीतल्या गुणकारी घटकांचं प्रमाण जमिनीप्रमाणे, झाडाच्या वयाप्रमाणे आणि काढणीच्या हंगामाप्रमाणे बदलतं. बराचसा गुण मुळीच्या सालीत असतो, त्यामुळे साल निघालेली मुळी कुटली तर चूर्ण हलकं पडतं. शिवाय सर्पगंधाच्या नावाखाली तिच्याच जातकुळीतल्या दुसऱ्या झुडपाच्या मुळ्या सर्रास मिसळल्या जातात. म्हणजे ही पुडी संपून दुसरी आणली की तोच चमचा दुप्पट लागू पडेल किंवा अजिबात पडणार नाही. जडीबुटीवाला फसवतोच असं मी म्हणत नाही. त्यालाही ते कळायला मार्ग नाही.

आता भावाचं. चूर्ण थांबवा हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. पण चूर्ण आज बंद आणि उरलेली गोळी उद्यापासून सुरू, हे फोनवरून ठरवायचं काम नव्हे. रेसर्पिनचा असर अंगात असताना वरून दुसरं बीपीचं औषध पडलं, तर उठताना चक्कर येऊन माणूस पडू शकतो. त्यामुळे चूर्ण थांबवा आणि दोन-तीन दिवसांत प्राथमिक आरोग्य केंद्रात बाबांना घेऊन जा. चूर्ण सोडल्याबरोबर बीपी एकदम उसळी मारेल अशी भीती इथे फारशी नाही, कारण असर हळूहळू ओसरतो. पण काही दिवसांत तो वर सरकेल, म्हणून त्या काळात एक दिवसाआड आशाताईंकडून किंवा उपकेंद्रात मोजून घ्या. मोजण्याआधी बाबांना पाच मिनिटं शांत बसू द्या. अर्ध्या तासात चहा किंवा खर्रा (तंबाखू-सुपारी) झालेला नसावा, हात टेबलावर टेकलेला असावा. एकदा बसून आणि एकदा उभं राहिल्यावर मोजा, नाडीही लिहून ठेवा. नाडी ५० च्या खाली दिसली तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

केंद्रात जाताना चूर्णाची पुडी, तोच चमचा आणि जुन्या गोळ्यांचं पाकीट सोबत न्या. खूप घरांत जडीबुटीचं डॉक्टरांपासून लपवतात, रागावतील म्हणून. रागावले तर रागावू द्या. पण डॉक्टरांना चूर्णाबद्दल ठाऊकच नसेल, तर १३४/८२ पाहून ते 'छान आहे' म्हणतील आणि तुम्ही तशाच घरी परत याल. बाबांना हृदयाची डिजॉक्सिनसारखी किंवा मनाच्या आजाराची एखादी गोळी कधी सुरू झाली असेल, तर तेही सांगा. सर्पगंधाशी त्यांचं जमत नाही.

पायावरची सूज. या गोष्टीनं सगळं बिनसलं, आणि तीच बहुधा सगळ्यात साधी होती. अॅमलोडिपिननं काही जणांच्या घोट्यांवर सूज येते. त्या औषधानं पायातल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पाणी खाली झिरपतं. एवढ्यावरून किडनी बिघडली असं ठरत नाही. मात्रा कमी केली, किंवा गोळी बदलून टेल्मिसार्टनसारखी दुसरी दिली, तर सूज बहुतेक वेळा उतरते. तरी काकांच्या मनातली शंका मिटावी म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं तपासून घ्या. टेल्मिसार्टन सुरू होणार असेल तर क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तसंही बघावंच लागतं. अहवाल काकांच्या हातात द्या, वाचू द्या त्यांना.

किडनीचा विषय निघालाच आहे, तर काकांना एक गोष्ट माझ्या वतीनं विचारा. रोवणी-कापणीच्या दिवसांत मेडिकलवाल्याकडून अंगदुखीच्या गोळ्या ते स्वतः किती घेतात? डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या बीपीही वाढवतात आणि किडनीलाही इजा करतात. न उतरलेला बीपी स्वतःच किडनीचा मोठा शत्रू आहे. बीपीच्या गोळीला घाबरून अंगदुखीची गोळी मूठभर खाणारी माणसं गावोगाव आहेत. सर्दीच्या गोळ्यांचंही तेच. बाबांचं नाक चोंदलंय म्हणून कोणी मेडिकलातून सर्दीची गोळी आणून दिली असेल तर आधी ती थांबवा, कारण त्यातल्या पुष्कळ गोळ्यांनी बीपी चढतो.

कुणी म्हणेल, मग शुद्ध रेसर्पिनची मोजलेली गोळीच का नको? प्रश्न चांगला आहे. अगदी कमी मात्रेत, दुसऱ्या औषधाच्या जोडीनं ती अजूनही काम करते आणि महागही नाही. पण आज कमी त्रासाची औषधं हाताशी असल्यामुळे डॉक्टर क्वचितच तिच्याकडे वळतात. आणि बाबांच्या मनाची आत्ताची अवस्था पाहता ती त्यांना नकोच. बाबांना आयुर्वेदच हवा असेल, तर नोंदणी असलेल्या वैद्यांकडे जरूर न्या, सरकारी दवाखान्यांतही ते असतात. फक्त सर्पगंधानं काय झालं ते त्यांना पहिल्याच भेटीत सांगा आणि बीपी मोजणं सोडू नका. बीपीच्या गोळ्या सरकारी केंद्रांत फुकट मिळतात. भंडारा आणि वर्धा हे जिल्हे तर भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यातच होते, त्यामुळे ही वाट तुमच्या भागात नवी नाही.

मनाचं मी मुद्दाम वेगळं लिहिते आहे. चूर्ण थांबलं तरी उदासी लगेच जाईलच असं नाही, ती काही आठवडे, कधी काही महिनेही रेंगाळते. आणि त्यात आईचं जाणं मिसळलेलं असेल, तर चूर्ण थांबवूनही ते उरेलच. त्यामुळे केंद्रातल्या डॉक्टरांना हेही स्पष्ट सांगा: झोप कशी आहे, पहाटे जाग येते का, जेवण किती उतरलंय, कशातच रस नाही असं किती दिवस चाललंय. बाबांना तुम्हीही सरळ विचारा, 'बाबा, जगण्याचाच कंटाळा आलाय का?' असं विचारल्यानं नको तो विचार मनात भरतो ही समजूत खोटी आहे. उलट बोलायला वाट मिळते. 'आता कशाला जगायचं' असं काही ते बोलले, तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आणि शेतकऱ्याच्या घरात जे करायलाच हवं ते आजच करा: फवारणीचं औषध कुलपात ठेवा, किल्ली तुमच्याकडे असू द्या. यात बाबांवर अविश्वास नाही. घरात मनानं खचलेलं माणूस असताना एवढं करायचंच असतं.

बाबांशी बोलताना 'ते चूर्ण बेकार आहे' असं चुकूनही म्हणू नका. एक तर ते खोटं आहे. दुसरं म्हणजे, स्वतः शोधून आणलेल्या औषधानं बीपी उतरवला, हा त्या माणसाचा गेल्या दीड वर्षातला एकच विजय असावा. तो हिसकावून घेतला तर ते आणखी आत जातील. मी तुमच्या जागी असते तर म्हटलं असतं, 'बाबा, तुमची मुळी लई लागू पडली, इतकी लागू पडली की तुम्हाले झोपवून टाकलं तिनं. आता मोजून-मापून काय द्यायचं ते डॉक्टरले विचारू.' यात खोटं काहीच नाही.

खर्रा, मोहाची, मीठ यांबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण आपल्या भागात विचारल्याशिवाय राहवत नाही. खर्ऱ्यातली तंबाखू बीपी वाढवते. सर्पगंधा अंगात असताना दारू घेतली तर गुंगी दुप्पट होते. ताटातलं मीठ कमी केलं तरी लोणचं, पापड, खारवलेली मिरची आणि सुकी मासळी यांतून ते मागच्या दारानं येतंच. सगळं एकदम बंद करायला लावू नका. आधी खर्रा.

गावात आणखी कोणी हे चूर्ण घेत असेल तर त्यांनाही सांगा. गरोदर बाईला ते अजिबात देऊ नये. त्याचा असर बाळापर्यंत पोचतो, आणि जन्मल्यावर बाळ सुस्त राहू शकतं, त्याचं नाक चोंदू शकतं. आणि बीपी १८०/१२० च्या वर जाऊन छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं किंवा अंगाची एक बाजू लुळी पडणं यातलं काही दिसलं, तर चूर्ण की गोळी हा वाद न घालता १०८ ला फोन करा.

काका बांधावर सर्पगंधा लावायचं म्हणतात, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. बेत वाईट नाही. मुळी काढायची म्हणजे झाड उपटावं लागतं, त्यामुळे जंगलातली सर्पगंधा फार घटली आहे. १९९० पासून ती सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, म्हणजे तिच्या परदेशी व्यापारावर निर्बंध आहेत. लागवडीची मुळी हाती यायला दीड ते तीन वर्षं लागतात आणि बी उगवायला कटकट करतं. विक्रीचे नियम वनविभागाकडून आणि कृषी सहायकांकडून आधी विचारून घ्या. पीक म्हणून काका खुशाल लावोत. घरच्या चमच्यात मात्र ती येऊ देऊ नका.

केंद्रातून जाऊन आलात की कळवा. पत्रात बीपीसोबत नाडीचा आकडा लिहा, आणि बाबा भजनाला गेले की नाही, तेही.